समग्र दृष्टीचे महात्मा : जोतीराव फुले

सध्या 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वत्र कानी पडतो. शासकीय परिपत्रकांत तो असतो, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत असतो आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जगापुढे १७ उद्दिष्टे ठेवली व ती २०३० पर्यंत गाठावयाची असे ठरविले. गरिबी, भूक, शिक्षण, पाणी, स्त्री-पुरुष समता, हवामान असे जीवनाचे बहुतेक विषय त्यांत आले आहेत. ही उद्दिष्टे सुटी सुटी गाठता येत नाहीत, ती एकमेकांत गुंतलेली आहेत, असेही तज्ज्ञ सांगतात. या गुंतागुंतीचा एकत्र विचार करण्याच्या पद्धतीस 'प्रणाली-विचार' असे नाव आहे.

हे नाव अवघड वाटले तरी त्यातील विचार आपल्या अंगणातला आहे. आपल्या भिवंडी परिसराचेच पाहा. भाताचे खाचर पावसाचे पाणी धरून ठेवते व सावकाश जिरविते. त्या खाचरात मुरूम टाकून गोदाम उभे राहिले म्हणजे ते पाणी नाहीसे होत नाही; ते वाट शोधीत सखल वस्तीत, चाळीत, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरते. कामवारी नदीचे पात्र कचऱ्याने भरले असेल तर पाणी अधिकच तुंबते. मग मुले आजारी पडतात, कामाचे खाडे होतात, कर्ज होते, आणि त्या कर्जापायी एखाद्या मुलीची शाळा सुटते. खाचरात टाकलेला मुरूम आणि सुटलेली शाळा यांचा संबंध ज्याला दिसतो, तो प्रणाली-विचार करतो असे समजावे.

या विचाराचा आधुनिक इतिहास बहुधा अमेरिकेपासून सांगितला जातो. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात जे फॉरेस्टर यांनी १९५० नंतरच्या काळात त्याची शास्त्रीय मांडणी केली. पुढे १९७२ साली डोनेला मेडोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लब ऑफ रोम' या संस्थेसाठी वाढीच्या मर्यादांविषयीचा गाजलेला अहवाल लिहिला. लोकसंख्या, शेती, उद्योग, प्रदूषण आणि खनिज संपत्ती या पाच गोष्टी एकमेकींना कशा ओढतात, हे त्यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखविले. योगायोग असा की, त्याच १९७२ साली आपला महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. या परिसरात स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांची आधीची पिढी अशाच दुष्काळांनी गावाबाहेर काढलेली आहे.

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस मात्र येथे आणखी मागे जावेसे वाटते. त्या अहवालाच्या सुमारे ९० वर्षे आधी, संगणक नसताना, कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसताना, पुण्याच्या जुना गंज पेठेत राहणाऱ्या एका गृहस्थाने शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा असाच समग्र नकाशा मराठी भाषेत रेखाटला होता. ते गृहस्थ म्हणजे महात्मा जोतीराव गोविंदराव फुले. त्यांना आपण स्त्रीशिक्षणाचे जनक व जातिव्यवस्थेचे कठोर टीकाकार म्हणून ओळखतो, आणि ते यथार्थच आहे. पण माती, पाणी, जंगल, जनावरे, कर, कर्ज आणि शिक्षण यांना एका सूत्रात गुंफणारे विचारवंत म्हणून त्यांची ओळख आपल्या मुलांना अजून पुरेशी झालेली नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती करून द्यावी, असा आमचा हेतू आहे.

जडणघडण

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथून हे घराणे पुरंदर तालुक्यातील खानवडीस व पुढे पुण्यात आले. फुलांच्या व्यवसायामुळे 'फुले' हे नाव पडले. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई निवर्तल्या. मावसबहीण सगुणाबाई यांनी त्यांचा सांभाळ केला. शाळेत घातलेल्या मुलाला वडिलांनी लोकांच्या सांगण्यावरून काढून घेतले व शेतमळ्यात कामाला लावले. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ च्या सुमारास ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. दोन भले शेजारी नसते तर महाराष्ट्राचा पुढील इतिहास कसा घडला असता, याचा विचार प्रत्येक पालकाने व शेजाऱ्याने करावा.

मधली ती वर्षे वाया गेली असे आम्हांस वाटत नाही. हातात खुरपे धरलेल्या मुलाला मातीचा पोत, पाण्याची पाळी व बैलाची ताकद पुस्तकाआधी कळली. पुढे थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील लेखन त्यांनी वाचले, तेव्हा त्या विचारांना या अनुभवाची जमीन मिळाली. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. सावित्रीबाई लिहावयास शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि आयुष्यभराच्या सहकारी ठरल्या.

संस्थांचे जाळे

१८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढील घटनाक्रम आपण जाणताच. वडिलांनी दडपणाखाली घराबाहेर काढले. उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या खांद्याला खांदा लावून शिकवू लागल्या. महार-मांग मुलांसाठी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली. १८६३ साली फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उभे राहिले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

परीक्षेसाठी ही यादी पाठ करून घेण्याची पद्धत आहे. परंतु या संस्था एका ओळीत मांडण्याऐवजी वर्तुळात मांडून पाहाव्यात, असे आम्ही वर्गात सांगतो. मुलगी शिकली तरी बालविवाह व सक्तीचे वैधव्य तिला गाठणार, म्हणून शाळेजवळच प्रसूतिगृह लागते. दिवसाची शाळा काढली तरी मजुराचे मूल येणार नाही, म्हणून रात्रशाळा लागते. अक्षर आले तरी मनावर धर्मभयाचा पगडा राहिला तर माणूस पुन्हा तेथेच जातो, म्हणून पुरोहितावाचून विवाह लावणारा समाज लागतो. आणि हे सारे तहानलेल्या माणसाला सांगावयाचे असेल तर प्रथम हौद उघडावा लागतो. एक कडी दुरुस्त केली तरी दुसरी तुटलेली असल्यास साखळी ओढ घेत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

या कामास त्यांनी स्वतःच्या पोटापाण्याचा आधार दिला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ते कंत्राटदार होते, व्यापारी होते, मांजरीस त्यांची शेती होती. खडकवासला धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा बांधकामांशी त्यांचा व्यवसायाने संबंध आला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. धरणाचे दगड ज्याने पाहिले, मजुराची हजेरी ज्याने पाहिली आणि कालव्याचे पाणी शेतात येते की नाही हेही ज्याने पाहिले, त्याच्या विचारात हवेतले मनोरे नसणे स्वाभाविक होते.

दुष्काळाची शाळा

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर दुष्काळ कोसळला. सत्यशोधक समाजाने मदतीचे आवाहन केले व धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी आश्रम चालविला. निवासी शाळेशी नाते असलेल्या आपल्या वाचकांना त्या आश्रमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ज्या मुलाच्या घरी चूल पेटत नाही त्याला नुसती पाटी देऊन भागत नाही; त्याला ताट आणि अंथरूण द्यावे लागते.

याच सुमारास, १८७६ पासून, ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेने पैसे खर्च करावयाचे ठरविले, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी अशी भूमिका घेऊन त्यांनी विरोध केला. पेठांतून दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही त्यांनी लेखी आक्षेप घेतला. दुकानाचे उत्पन्न एका खात्यात जमा होते, परंतु त्यामुळे मोडणारी घरे कोणत्याच खात्यात मांडली जात नाहीत, हा विसंगतपणा त्यांना खुपत होता.

दुष्काळाने त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा केला. पाऊस न पडणे हे दुष्काळाचे एकमेव कारण असते तर उत्तर सोपे होते. परंतु एका वर्षाच्या अवर्षणाने कुणबी उपाशी मरतो तो का? त्याच्या कणगीत मागच्या वर्षीचे धान्य का नाही? त्याच्या गोठ्यात बैल का नाही? त्याच्या विहिरीला पाणी का नाही? या प्रश्नांचा मागोवा घेता घेता १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ सिद्ध झाला. तो त्यांनी एकट्याने खोलीत बसून लिहिला आणि छापून मोकळे झाले, असे घडले नाही. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या लोकांना त्यांनी हस्तलिखित वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याकडून ते तपासून घेण्याची ही रीत आजच्या संशोधकांनीही शिकण्यासारखी आहे.

असूडाचा नकाशा

ग्रंथाच्या आरंभी जोतीरावांनी कारणांची एक साखळी दिली आहे. ती महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. पहिली कडी अविद्येची व शेवटची कडी शूद्रांच्या खचलेल्या स्थितीची. मधल्या कड्या विवेकाच्या, आचरणाच्या, पुढे जाण्याच्या ताकदीच्या व संपत्तीच्या. शंभर विकारांचे मूळ एका ठिकाणी शोधणे व तेथवरचा प्रत्येक टप्पा दाखविणे, ही विचारपद्धती आम्हांस त्या वचनातील शब्दांहूनही मोलाची वाटते.

पुढे पाच प्रकरणांत हा नकाशा उलगडतो. पूर्वी ज्याच्याजवळ थोडीच जमीन होती, तो शेतकरी शेजारच्या डोंगरदऱ्यांतील फळे, पाला, कंद व सरपण यांवर तूट भरून काढी. एखादी गाय व दोन शेळ्या गायरानात चारी. सरकारने जंगल खाते उभारून डोंगर, दऱ्या व पडीक राने आपल्या ताब्यात घेतली. १८७८ च्या वन कायद्याने हा ताबा पक्का झाला. चराई गेली, जनावरे घटली. जनावरे घटली म्हणून शेणखत घटले. खत नाही, आणि कुटुंब वाढल्यामुळे जमिनीला विसावाही देता येत नाही. म्हणून पीक घटले. सारा मात्र घटला नाही. तो भरण्यासाठी कर्ज, कर्जापायी कज्जा, कज्जापायी कचेरी, आणि कचेरीत निरक्षर माणसाची लूट. त्या लुटीनंतर मुलाला शाळेत पाठविण्याची ऐपत राहत नाही, आणि पुढची पिढी पुन्हा निरक्षर राहते. फेरा जेथून निघाला तेथेच येऊन मिळतो, आणि प्रत्येक फेऱ्यात अधिक खोल जातो.

दुसरीकडे विलायती यंत्रांवर तयार झालेला माल स्वस्तात येऊ लागला आणि साळी, कोष्टी आदी विणकर देशोधडीला लागले. हातचा धंदा बुडालेले हे लोकही शेवटी शेतीच्याच आसऱ्याला आले व जमिनीवरचा भार वाढला. मँचेस्टरचा धोटा आणि दख्खनचा नांगर यांचा असा संबंध जोडणारी दृष्टी जागतिकच म्हटली पाहिजे. आपले भिवंडी हे विणकरांचे गाव. उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे माग रुजविला. दूरच्या बाजारातील एका निर्णयाने येथील यंत्रमागांची खडखड कशी मंदावते, हे येथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

ग्रंथाचे पाचवे प्रकरण उपायांचे आहे. डोंगरउतारावर व नाल्यांवर जागोजाग बांध घालावेत; पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे व मग नदीस मिळावे; या कामी लष्करातील व पोलिसांतील रिकामे हात लावावेत. तळी व तलाव दुरुस्त करावेत. नदीनाल्यांतील गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. जंगलात घातलेली गायराने गावांना परत करावीत. भूमिगत पाणी शोधणाऱ्या जाणकारांकडून झऱ्यांच्या जागा नकाशावर मांडून घ्याव्यात, आणि सरकारी मदतीवाचून विहिरी खोदणाऱ्यास बक्षीस द्यावे. कालव्याचे पाणी मोजून, प्रत्येक शेताला तोटीने द्यावे. शेळ्यामेंढ्यांची चांगली पैदास करावी. शेतीची प्रदर्शने भरवावीत. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे व लोहारकामाचे शिक्षण द्यावे. आज आपण ज्यास पाणलोट क्षेत्र विकास, गाळमुक्त धरण, पाण्याचे मोजमाप म्हणतो, त्यातील कितीतरी गोष्टी या यादीत आहेत. आणि बांधबंदिस्तीपाशी ही यादी थांबत नाही. साऱ्याचा बोजा, नोकरशाहीचे पगार आणि कचेरीतील जातीची मक्तेदारी यांनाही ती हात घालते. पाणी जिरले तरी न्याय जिरला नाही तर शेत कोरडेच राहते, हे जोतीरावांचे वेगळेपण.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. जोतीरावांचा इंग्रज सरकारवर बराच भरवसा होता. सरकारला वस्तुस्थिती कळली की ते सुधारणा करील, ही त्यांची अपेक्षा फारशी फळली नाही. परंतु ते केवळ अर्जावर विसंबून राहिले नाहीत. जुन्नर-ओतूर भागातील शेतकरी सावकारांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा सत्यशोधकांचे बळ त्यांच्या मागे होते. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. शेत आणि गिरणी या एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे त्या चळवळीने कृतीने दाखविले.

शिक्षण : मूळ कडी

हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी मांडलेला हिशेब साधा होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च वाहतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. म्हणून प्राथमिक शिक्षण किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. शिक्षक शक्यतो कष्टकरी वर्गातून यावेत. नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीची मूलतत्त्वे, नीती व आरोग्य यांचे धडे असावेत. नीट पाहिले तर हा अभ्यासक्रम म्हणजे असूडातील नकाशावर चालण्यासाठी लागणारी शिदोरी आहे.

अखेरची वर्षे

१८८८ च्या मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जोतीराव तेथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी राजपुत्रास निर्भयपणे सांगितले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले. धंद्यातील कमाई कार्यात संपली होती. अखेरचे दिवस ओढगस्तीचे गेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. दत्तक पुत्र डॉ. यशवंत याच सेवेत त्यांच्या सोबत होते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध व कबीर यांच्यासोबत जोतीरावांना आपले गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. तोवर बाबासाहेब मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री म्हणून पाणी व वीज यांचा कारभार पाहत होते. दामोदर नदीच्या एकाच योजनेत पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक एकत्र साधण्याचे धोरण त्यांच्याच खात्यात आकाराला आले. गुरूने नाल्यावरच्या बांधापासून जे पाहिले, ते शिष्याने नदीच्या संपूर्ण खोऱ्यापर्यंत नेले.

या वारशाचा आपण काय उपयोग करणार? आपल्या संस्थेचे माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, अभियंते आहेत, गोदामात हिशेब पाहणारे आहेत, मागावर काम करणारे आहेत. प्रत्येकाच्या हाती साखळीची एकेक कडी आहे. गोदामाचा आराखडा काढणाऱ्याने पावसाचे पाणी कोणाच्या घरात जाईल हे विचारावे. परिचारिकेने रुग्णाला औषध देताना त्याच्या वस्तीच्या पाण्याची चौकशी करावी. शिक्षकाने गैरहजर मुलाचे नाव खोडण्यापूर्वी त्याच्या घरची चूल पाहून यावे. पालकांनी मुलीची शाळा थांबविण्याचा विचार मनात आला तर तो खर्च आज वाचेल, पण पुढच्या पिढीला कितीपट भरावा लागेल, याचा हिशेब मांडावा. यासाठी पदवी लागत नाही, निधी लागत नाही. दोन गोष्टींमधील न दिसणारा धागा शोधण्याची सवय लागते. ती सवय मुलांना लावणे हे निवासी शाळेइतके दुसऱ्या कोणालाही साधणारे नाही, कारण येथे मूल पुस्तकाबरोबरच ताट, पाणी, अंगण आणि सहवासही वाटून घेत असते.

जोतीरावांनी पुतळ्यांसाठी काम केले नाही. त्यांची खरी जयंती त्या दिवशी साजरी होईल, ज्या दिवशी आपले एखादे मूल कामवारीच्या काठी उभे राहून पाण्याचा रंग पाहील, तो असा का झाला हे विचारील आणि उत्तर मिळेपर्यंत एकेक कडी मागे जात राहील. अशा मुलाला अडवू नये, त्याच्याबरोबर चालावे, एवढीच विनंती करून या महात्म्यास आम्ही विनम्र अभिवादन करतो.